‘टू’नंतरचं क्रियापद आणि बंगळुरूचा प्रयोग

इंग्रजी व्याकरणात ज्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात ते क्रियापदाचं रूप दिसायला अगदी साधं आहे. त्याला काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही, कसला प्रत्ययही नाही. नुसतं ‘गो’, फार तर ‘टू गो’. मराठी मुलाला ते शाळेत लवकरच भेटतं. ‘करणे म्हणजे टू डू, जाणे म्हणजे टू गो’ एवढं पाठ केलं की धडा संपला असं त्याला वाटतं. मग शिक्षण होतं, नोकरी लागते आणि कोल्हापूरचा, निपाणीचा किंवा लातूरचा हा मुलगा बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नाहीतर व्हाइटफील्डमध्ये बसून दिवसाला वीस-पंचवीस मेल लिहू लागतो. त्या मेलमधली वाक्यं अशी असतात : ‘आय वाँट दॅट यू शुड चेक धिस.’ ‘माय मॅनेजर सजेस्टेड मी टू टेक लीव्ह.’ ‘आय केम टू बंगलोर फॉर डूइंग जॉब.’ ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

यातलं एकही वाक्य न समजण्यासारखं नाही. काम होतं, उत्तरही येतं. पण चारही वाक्यं चुकलेली आहेत आणि चारही चुका त्याच साध्या रूपाच्या आसपासच्या आहेत. या मुलाने शाळेत सराव कमी केला होता असंही नाही. ‘टू’ घाला, ‘आयएनजी’ लावा, रिकाम्या जागा भरा, दोन वाक्यांचं एक करा, असे स्वाध्याय त्याने वह्याच्या वह्या भरून सोडवले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून रेन आणि मार्टिनच्या व्याकरणापर्यंत आपल्याकडच्या पिढ्यांनी हेच केलं. तेव्हा सराव किती केला हा प्रश्न नाही. तो कसला केला, हा आहे.

हाच प्रश्न सव्वीस अक्षरांच्या या भाषेबद्दल बंगळुरूत फार गांभीर्याने विचारला गेला आणि त्याचं उत्तर शोधायला खरीखुरी शाळेतली मुलं, खरे शिक्षक आणि पाच वर्षं खर्ची घातली गेली. जगभरच्या भाषाशिक्षकांना हा प्रयोग ‘बंगलोर प्रोजेक्ट’ या नावाने माहीत आहे. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं.

बंगळुरूत दक्षिणेतल्या राज्यांसाठीची इंग्रजीची प्रादेशिक संस्था १९६३ पासून आहे. शाळांतल्या इंग्रजी शिक्षकांना तयार करणं हे तिचं काम. त्या काळी सगळीकडे रचनापद्धती चालत असे. इंग्रजी वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, एकेक साचा प्रसंग उभा करून तोंडी घोकून घ्यायचा, तो पक्का झाला की पुढचा. एन. एस. प्रभू हे मद्रासला ब्रिटिश काउन्सिलमध्ये इंग्रजीचे अधिकारी होते आणि ही पद्धत त्यांनी आतून पाहिली होती. मुलं साचा वर्गात बिनचूक म्हणतात आणि वर्गाबाहेर तोच चुकवतात, हे त्यांच्यासह अनेक शिक्षकांच्या लक्षात आलं होतं. प्रभूंनी एक धाडसी गृहीतक मांडलं : मुलाचं लक्ष अर्थावर, एखादं काम तडीस नेण्यावर गुंतलेलं असतं तेव्हाच व्याकरण त्याच्या मनात नकळत रुजतं. मग व्याकरणाचा अभ्यासक्रमच काढून टाकला तर? १९७९ मध्ये या संस्थेच्या साथीने प्रयोग सुरू झाला आणि १९८४ पर्यंत चालला. वर्ग होते बंगळुरू, मद्रास आणि दक्षिणेतल्या आणखी काही गावांतल्या साध्या शाळांचे. मुलं साधारण ८ ते १५ वर्षांची, घरी इंग्रजीचा गंध नसलेली.

अशा वर्गात काय होई? फळ्यावर रेल्वेचं वेळापत्रक असे, किंवा गावाचा नकाशा, महिन्याचं कॅलेंडर, दुकानातल्या वस्तूंच्या किमती. शिक्षक विचारत : ही गाडी पहाटे सुटते, ती दुपारी. एका माणसाला अमुक गावी संध्याकाळच्या आत पोचायचं आहे आणि वाटेत दोन तासांचं काम आहे. त्याने कोणती गाडी धरावी? मुलं विचार करत आणि एका शब्दात उत्तर देत. ‘सेकंड.’ का? ‘फर्स्ट... नो टाइम.’ शिक्षक ‘चूक, पूर्ण वाक्य बोल’ असं म्हणत नसे. तो संभाषण पुढे नेता नेता तेच वाक्य नीट करून म्हणे : ‘येस, इफ ही टेक्स द फर्स्ट ट्रेन, ही वोन्ट हॅव टाइम टू फिनिश हिज वर्क.’ मुलाच्या कानावर ‘टाइम टू फिनिश’ पडलं, आणि पडलं ते नेमकं त्याला ते हवं होतं त्या क्षणी. असं सगळ्या वर्गाने मिळून एक कोडं सोडवलं की तशाच धर्तीचं दुसरं कोडं प्रत्येकाने एकट्याने सोडवायचं. गुण मिळायचे ते गाडी बरोबर निवडली का यावर.

यातली एक गोष्ट आजच्या शिक्षकांना बुचकळ्यात टाकेल. प्रभूंनी मुलांचे गट पाडून एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लावलं नाही. त्यांचं म्हणणं असं की अर्धवट इंग्रजी येणारी मुलं आपसात बोलत राहिली तर तेच अर्धवट इंग्रजी पक्कं होत जाईल. मुलांच्या कानावर शिक्षकाचं नीट इंग्रजी पडलं पाहिजे. हा विचार आजच्या ‘बोला, काहीही बोला’ या सल्ल्याच्या उलट आहे आणि मला तो पटतो.

प्रयोगाचा निकाल पुढे सांगतो. त्याआधी या साध्या रूपात अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू, कारण ती अडचण इंग्रजीत जेवढी आहे तेवढीच आपल्या मराठीत आहे.

‘टू’ हा शब्द मुळात दिशा दाखवणारा आहे. ‘टू पुणे’, पुण्याकडे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या या रूपाला स्वतःचा प्रत्यय होता. लिहिणे या अर्थाचं क्रियापद ‘व्रीतान’ असं होतं आणि ‘लिहिण्याकडे, लिहिण्यासाठी’ असं म्हणायचं तर त्याची विभक्ती बदलून आधी ‘टो’ लावत : ‘टो व्रीतेन्ने’. शतकं गेली, शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’ तेवढा खूण म्हणून उरला. आता मराठीकडे पाहा. ‘करायला’ म्हणजे मूळचं ‘करावयास’. शेवटचा ‘स’ किंवा ‘ला’ हा चतुर्थीचा प्रत्यय, ‘घराला’मधला. बंगळुरूच्या रस्त्यावर आपण कन्नड ऐकतो त्यातही हेच आहे. ‘माडलु’ म्हणजे करायला. त्याला चतुर्थीचा ‘क्के’ लागून ‘माडलिक्के’ होतं आणि शहरी बोलीत त्याचं ‘माडोके’. संस्कृतातलं ‘कर्तुम्’, ज्याला शाळेत आपण हेत्वर्थक तुमन्त म्हणून शिकलो, तेही मुळात एका नामाचं द्वितीयेचं रूप. इंग्रजी, मराठी, संस्कृत आणि त्यांच्याशी नातं नसलेली कन्नडसुद्धा, चौघींनी ‘कशाकडे तरी जाणे’ या कल्पनेतूनच ‘कशासाठी तरी करणे’ हे रूप घडवलं.

म्हणून हेतू सांगायचा असतो तेव्हा मराठी माणसाने बिचकायचं कारण नाही. ‘मी बहिणीला भेटायला आलो.’ इथे ‘भेटायला’ आहे तिथे ‘टू मीट’ ठेवा, झालं. घोटाळा होतो तो आपण लिहिताना ‘भेटायला’ सोडून ‘भेटण्यासाठी’ या ग्रांथिक वळणावर जातो तेव्हा. ‘साठी’ दिसलं की हात ‘फॉर’कडे जातो आणि ‘फॉर मीट’ किंवा ‘फॉर मीटिंग माय सिस्टर’ कागदावर उतरतं. इंग्रजीत ‘फॉर’पुढे ‘आयएनजी’ येतं ते वस्तूचा उपयोग सांगताना, जसं ‘अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड’. माणूस कशासाठी आला, गेला, थांबला हे सांगायला ‘टू’च हवा. तेव्हा मनातल्या मनात आधी बोली मराठीत या, मग इंग्रजीत जा.

खरा पेच वेगळाच आहे. ‘मला जायचं आहे’ यात इच्छा माझी आणि जाणारा मीच. ‘आय वाँट टू गो.’ सोपं. पण इच्छा माझी आणि जाणारा तू, असं असेल तर? मराठीत रूपच बदलतं : ‘तू जावंस असं मला वाटतं’, ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’. ‘जायला’ किंवा ‘जायचं’ तिथे चालतच नाही. विध्यर्थ येतो, आणि ‘असं’ किंवा ‘की’ घालून दोन वाक्यं जोडावी लागतात. ही सवय आजची नाही. पाणिनीने इच्छा दाखवणाऱ्या धातूंजवळ कोणतं रूप यावं याचा नियम सांगितला आहे. तिथे विध्यर्थ किंवा आज्ञार्थ यावा असं आधी सांगून, लगेच पुढच्या सूत्रात तो म्हणतो की इच्छा करणारा आणि ती क्रिया करणारा एकच असेल तर तुमुन्. म्हणजे ‘मला खायचं आहे’साठी ‘भोक्तुम्’ चालेल, पण ‘आपण खावं अशी माझी इच्छा’ यासाठी चालणार नाही. अडीच हजार वर्षांच्या आसपासची ही अट मराठीने जशीच्या तशी सांभाळली आहे. इंग्रजीला ती अट नाही. ‘आय वाँट यू टू गो.’ इच्छा माझी, जाणारा तू, आणि तरीही इन्फिनिटिव्ह. ‘आय वाँट दॅट यू शुड गो’ असं जेव्हा मराठी माणूस लिहितो तेव्हा तो आळशीपणा करत नसतो. हजारो वर्षांचं आपलं व्याकरण इमानाने पाळत असतो. चूक कुठून आली हे एकदा कळलं की ती सुधारायला सोपी जाते.

गंमत अशी की मराठीत कर्ता बदलूनही ‘यायला’ चालतं, पण ते काही ठरावीक क्रियापदांबरोबर. ‘मी त्याला यायला सांगितलं.’ ‘आईने मला पोहायला शिकवलं.’ इथे सांगणारा एक, येणारा दुसरा. त्यामुळे ‘आय टोल्ड हिम टू कम’, ‘शी टॉट मी टू स्विम’ या वाक्यांत आपण सहसा चुकत नाही. ‘त्याने मला रजा घ्यायला सुचवलं’ हेही मराठीत चांगलं वाक्य आहे. म्हणून आपण बेधडक ‘ही सजेस्टेड मी टू टेक लीव्ह’ लिहितो, आणि नेमकं इथे इंग्रजी अडते. ‘सजेस्ट’ला हा साचा चालत नाही. तिथे ‘ही सजेस्टेड दॅट आय टेक लीव्ह’ किंवा ‘ही सजेस्टेड टेकिंग लीव्ह’. तोच अर्थ ‘अ‍ॅडव्हाइज’ने सांगितला तर मात्र ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू टेक लीव्ह’ बरोबर. म्हणजे ‘वाँट’पुढे ‘दॅट’ नको आणि ‘सजेस्ट’पुढे ‘दॅट’ हवं; मराठीत बरोबर याच्या उलट. मराठी माणसाच्या इन्फिनिटिव्हच्या अभ्यासात एकच गोष्ट शिकायची ठरवली तर मी ही निवडेन. ‘वाँट’, ‘एक्स्पेक्ट’, ‘नीड’, ‘वुड लाइक’ या चौघांपुढे माणूस आणि मग ‘टू’ : ‘आय वुड लाइक यू टू रिव्ह्यू धिस’, ‘वी नीड हिम टू साइन’, ‘दे एक्स्पेक्ट अस टू फिनिश बाय फ्रायडे’. ही तीन वाक्यं कुठल्याही ऑफिसात दिवसातून दहादा लागतात.

‘टू’शिवायचं नुसतं रूप कुठे येतं? ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यापुढे, हे सगळ्यांना येतं. त्याखेरीज ‘लेट’ आणि ‘मेक’पुढे. ‘लेट’ला मराठीत ‘देणे’ : ‘त्याला येऊ दे’, ‘लेट हिम कम’. मराठीतही इथे नुसतं ‘येऊ’ आहे, प्रत्यय नाही, म्हणून हे जमतं. ‘करू शकतो’ आणि ‘कॅन डू’ची जोडीही तशीच. पण ‘मेक’ला मराठीत ‘लावणे’, आणि ‘लावणे’ आलं की ‘थांबायला लावलं’. त्या ‘ला’मुळे आपण ‘ही मेड मी टू वेट’ म्हणतो. ‘ही मेड मी वेट’ हवं. आणि हेच वाक्य कर्मणी केलं की ‘टू’ परत येतो : ‘आय वॉज मेड टू वेट.’ हे असं का, याचं सोपं कारण मी देऊ शकणार नाही. हे वाक्य दोन-चारदा मोठ्याने म्हणून कानात बसवावं. ‘हेल्प’ला दोन्ही चालतं.

आता ‘टू’ आणि ‘आयएनजी’ यांतली निवड. व्याकरणाच्या पुस्तकांत इथे दोन लांबलचक याद्या असतात आणि मुलं त्या पाठ करून विसरतात. याद्यांपेक्षा मराठीतलीच एक खूण कामाला येते. ‘दाराला कुलूप लावायचं विसरू नको’ आणि ‘दाराला कुलूप लावल्याचं मला आठवतंय’. ‘लावायचं’ म्हणजे काम अजून पुढे आहे. ‘लावल्याचं’ म्हणजे झालेलं आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘रिमेंबर टू लॉक’, दुसऱ्याला ‘रिमेंबर लॉकिंग’. ‘टू’ पुढे पाहतो. त्याच्यात अजून ती दिशा शिल्लक आहे. म्हणूनच ‘होप’, ‘प्लॅन’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’ या पुढचं पाहणाऱ्या क्रियापदांना ‘टू’ लागतो. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘माइंड’ यांना ‘आयएनजी’, कारण त्यांत क्रिया समोर चालू असते किंवा अनुभवलेली असते. ‘स्टॉप’चं उदाहरण तर मराठीत जास्तच स्वच्छ आहे : ‘मी चहा प्यायला थांबलो’ आणि ‘मी चहा पिणं थांबवलं’. ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’, ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. मराठीत क्रियापदच बदललं, इंग्रजीत फक्त शेपूट बदललं. अर्थ दोन्हीकडे अगदी वेगळे. ही खूण शंभर टक्के चालते असं नाही, पण बऱ्याच वेळा वाट दाखवते.

‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा इन्फिनिटिव्हचा नाहीच. तो शब्दयोगी आहे, ‘कडे’ या अर्थाचा. त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखं रूप येणार, म्हणून ‘हिअरिंग’. ओळखायची युक्ती सोपी : ‘टू’पुढे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू इट’ बरोबर वाटतं, तेव्हा तिथे ‘आयएनजी’. ‘आय वाँट टू इट’ बसत नाही, तेव्हा तिथे मूळ क्रियापद. हीच युक्ती ‘यूज्ड टू’च्या जुळ्यांना लावा. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे’, मी पूर्वी पुण्यात राहायचो. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग इन बंगलोर’, मला बंगळुरूत राहायची सवय झाली आहे. बंगळुरूत नव्याने आलेल्या मराठी माणसाला ही दोन्ही वाक्यं लागणारच.

‘काय करावं कळेना’ याला ‘आय डिडन्ट नो व्हॉट टू डू’. इथेही मराठी विध्यर्थ, इंग्रजी इन्फिनिटिव्ह. ‘कुठे जावं’, ‘कसं सांगावं’, ‘कुणाला विचारावं’ : ‘व्हेअर टू गो’, ‘हाउ टू से इट’, ‘हूम टू आस्क’. बंगळुरूत मात्र ‘व्हॉट टू डू?’ हे सुटं, एकटंही ऐकू येतं, खांदे उडवून. ते कन्नड ‘एनु माडोदु?’चं आणि आपल्या ‘काय करायचं?’चं इंग्रजी अंगरख्यातलं रूप आहे. या शहरात ते सगळ्यांना कळतं. परदेशी ग्राहकाला लिहिताना ते वाक्याच्या पोटातच ठेवावं.

‘इतका... की’ ही मराठी रचनाही इंग्रजी इन्फिनिटिव्हने आवरती घेते. ‘इतका दमलो होतो की चालवेना’ : ‘टू टायर्ड टू वॉक’. यातला पहिला ‘टू’ वेगळा, ‘नको तितका’ या अर्थाचा. त्याच्यात नकार आधीच आहे, म्हणून पुढे ‘नॉट’ घालायचा नाही. उलट बाजूला ‘इनफ’ : ‘ओल्ड इनफ टू व्होट’. आणि काळ दाखवायचा असेल तर हे काळ नसलेलं रूप ‘हॅव’ची मदत घेतं. ‘तो गेलेला दिसतो’ हे ‘ही सीम्स टू हॅव लेफ्ट’. ‘ही सीम्स टू बी लीव्हिंग’ म्हणजे तो निघत असावा असं दिसतं. काम कुणी करायचं ते सांगायचं नसेल तर ‘टू बी डन’. यापुढचे बारकावे वाचनातून आपोआप येतात.

आता प्रयोगाचा निकाल. शेवटी एडिंबरा विद्यापीठाचे अ‍ॅलन डेव्हिस आणि अ‍ॅलन बेरेट्टा यांनी प्रयोगातली मुलं आणि नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुलं यांची परीक्षा घेतली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल असं सांगतो : व्याकरणाच्या सुट्या प्रश्नांत नेहमीच्या पद्धतीची मुलं सरस ठरली, काम करून दाखवण्याच्या परीक्षेत प्रयोगातली मुलं पुढे होती. दोन्ही गोष्टी अपेक्षितच. लक्ष देण्यासारखी बाब तिसरी आहे. ज्या चाचण्या कुठल्याच बाजूच्या नव्हत्या, म्हणजे उतारा समजणं, श्रुतलेखन, संदर्भातलं व्याकरण, तिथेही बहुतांशी प्रयोगातली मुलं पुढे होती. व्याकरण न शिकवलेल्या मुलांना संदर्भातलं व्याकरण जास्त चांगलं येत होतं. या तुलनेवर आक्षेपही आले. दोन्हीकडचे वर्ग नेमके सारखे नव्हते, प्रयोगातले शिक्षक जास्त उत्साही होते. आक्षेप खरे आहेत. प्रभूंनीही हीच एक पद्धत सर्वांनी उचलावी असा आग्रह धरला नाही. १९८७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि १९९० मध्ये त्यांनी एका गाजलेल्या लेखात ‘सर्वोत्तम पद्धत’ नावाची वस्तूच नाही असं मांडलं.

माझं मत असं. शाळकरी मुलाला प्रभूंचा मार्ग योग्य, पण त्या वर्गात सतत नीट इंग्रजी बोलणारा शिक्षक होता. हे वाचणाऱ्या मोठ्या माणसाजवळ तो नाही. त्याच्याजवळ दुसरं एक साधन आहे, ए. एस. हॉर्नबीचा शब्दकोश. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. जपानी विद्यार्थी क्रियापदापुढे काय यावं इथेच चुकतात हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला, की ज्यात क्रियापदाच्या अर्थाबरोबर त्याचा साचाही दिलेला असेल. असे २५ साचे त्यांनी ठरवले. १९४२ मध्ये तो टोकियोत छापला गेला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने घेतला, आणि विद्यार्थ्यांसाठीचा जो ऑक्सफर्ड कोश आज आपल्या फोनमध्ये असतो तो त्याचाच वंशज. आपण त्यात अर्थ पाहतो आणि बंद करतो. अर्थाखालच्या उदाहरणवाक्यात ‘टू’ आहे की ‘आयएनजी’, माणूस मध्ये येतो की नाही, हे पाहायला दहा सेकंद पुरतात. क्रियापद एकटं शिकू नये; पुढच्या ‘टू’सकट, मधल्या माणसासकट शिकावं.

आणि सराव? तो बंगळुरूच्या त्या वर्गांसारखा करावा. हा घ्या एक. आकडे फक्त स्वाध्यायापुरते आहेत.

तुम्ही व्हाइटफील्डला काम करता. ऑफिस साडेसहाला सुटतं. तिथून मॅजेस्टिकला, म्हणजे रेल्वे आणि बसच्या स्थानकांपाशी, पोचायला संध्याकाळच्या गर्दीत अडीच तास लागतात. उद्या सकाळी ११ वाजता मिरजेत बहिणीचा साखरपुडा आहे आणि आईने तुम्हाला १० पर्यंत यायला सांगितलं आहे. एक गाडी संध्याकाळी ७ ला सुटून सकाळी साडेआठला मिरजेला पोचते. दुसरी रात्री ११ ला सुटते, दुपारी १ ला पोचते. एक बस मॅजेस्टिकहून रात्री साडेनऊला निघून सकाळी ८ ला पोचवते, पण तिच्यात आता एकच जागा उरली आहे आणि तुमच्याबरोबर मित्रही येणार आहे. कसं जाल? दोन मेल लिहा, प्रत्येकी पाच-सहा वाक्यांच्या. एक मॅनेजरला, लवकर निघायची परवानगी मागणारी. दुसरी आईला नाही, मित्राला, त्याने काय करावं हे सांगणारी.

लिहिताना व्याकरण डोक्यात आणू नका. गाडी, बस, वेळ, मित्र यांचाच विचार करा. लिहून झाल्यावर पाहाल तर ‘हॅव टू रीच’, ‘टू लेट टू कॅच’, ‘ओन्ली वन सीट लेफ्ट, सो आय नीड यू टू...’, ‘माय मदर वाँट्स मी टू बी देअर’, ‘रिमेंबर टू बुक’ असल्या जागा दोन्ही मेलमध्ये आपसूक आलेल्या असतील, कारण हे काम त्यांच्याशिवाय होतच नाही. मॅनेजरने किती वाजता सोडलं तर पहिली गाडी मिळेल, आणि नाही सोडलं तर त्या एका जागेवर कोण जाणार, हे आधी तपासा. ते बरोबर आलं की मग शब्दकोश उघडा आणि ‘टू’ तपासा. असा एक स्वाध्याय रोज, तुमच्या स्वतःच्या कामातला, महिनाभर करून पाहा.